दुर्लक्षाची अंमलबजावणी

लक्ष देणं कोणालाही जमतं. रीतसर दुर्लक्ष करायला मात्र अनुभव लागतो. अमरावतीचे जानराव या क्षेत्रातले जाणकार होते. एका सरकारी कार्यालयातून (नाव सांगत नाही, सगळ्यांनाच ते आपल्या गावचं वाटेल) ते अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. समोर माणूस उभा असताना फाइलीतून मान वर न काढणं, काढलीच तर त्याच्या डोक्यावरच्या पंख्याकडे पाहणं, आणि "बघू" हा शब्द कसलीही आशा वा निराशा न दाखवता उच्चारणं, या कामांत त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. जानरावांच्या टेबलावर कधी तक्रार पडून राहिली नाही, असं निरोप समारंभात साहेब म्हणाले. (खरंच होतं. तक्रारी टेबलाखाली होत्या.)

अशा माणसाच्या घरात दीड वर्षाचा नातू जेवत नव्हता. अनुपच्या जेवणाची व्यवस्था तशी कोणत्याही शासकीय योजनेला शोभेल अशी होती. वरणभात आणि चिऊ-काऊ हा विभाग आजी दुर्गाबाईंकडे, मोबाईल वडिलांकडे म्हणजे अश्विनकडे, आणि आई संध्याकडे तोंड पुसणं व सासूची बोलणी खाणं. गच्चीवरून बकरी दाखवण्याचं काम शेजारच्या इंदूबाईंनी आपणहून पत्करलं होतं. सर्वसाधारण देखरेख जानरावांची. योजनेची फलनिष्पत्ती अशी की दहातले निम्मे घास भिंतीला, उरलेल्यातले बरेचसे आजीच्या पोटात, आणि एखादा अनुपच्या तोंडात गेला की नाही याबद्दल मतभेद. (आजीचं वजन समाधानकारक वाढलं.)

मग अकोल्याहून संध्याची आई माणिकबाई आल्या. त्यांनी नातवाचे दंड चाचपले.

"काय करून राहिले बाप्पा तुमी सारे? पोरगं वाळून गेलं," त्या म्हणाल्या. "येत्या रविवारी येतो अन् घेऊन जातो त्याले. माह्याकडं बराबर जेवते तो."

निवृत्तीनंतर जानरावांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा घरात अनुप हा एकच माणूस उरला होता. तोही अकोल्याला गेला तर बोलायचं कोणाशी, या काळजीने त्यांना अन्न गोड लागेना.

दुसऱ्याच दिवशी अनुपला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, वजन पाहिलं. "बाळ ठणठणीत आहे. तुम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत बसता, ते बंद करा. सोबत जेवायला बसवा, ताटलीत वाढा आणि चक्क दुर्लक्ष करा. भूक लागली की खाईल."

जानरावांना हायसं वाटलं. औषध त्यांच्याच खात्यातलं निघालं होतं. घरी येताच त्यांनी तोंडी आदेश काढले: जेवतेवेळी अश्विनने खिडकीकडे पाहावे, संध्याने आपल्या वाटीत, दुर्गाबाईंनी घड्याळाकडे, इंदूबाईंनी आपल्या घरूनच दुर्लक्ष करावे. या सर्वांवर देखरेख अर्थातच जानरावांची.

पहिल्या दिवशी मंडळींनी इतकं कसून दुर्लक्ष केलं की अनुप घाबरून रडायला लागला. पुढे तो रडायचा थांबला, पण भाकरीला हात लावेना. कारण दुर्लक्ष नीट चाललंय की नाही हे पाहायला जानराव सारखे त्याच्याकडेच बघत होते.

"तुमाले एवढंबी जमत नाई?" दुर्गाबाई म्हणाल्या. "जलमभर हापिसात काय केलं मंग?"

हे वर्मी लागलं. जानराव निश्चयाने पंख्याकडे पाहत, पण नजर खाली घसरे. ज्यांनी सबंध तालुक्याकडे सहज दुर्लक्ष केलं, त्यांना एका इवल्या तोंडाकडे करता येईना.

रविवार उजाडला. सगळे जेवायला बसले. माणिकबाईंनी अनुपच्या कपड्यांची पिशवी आधीच भरून मांडीवर घेतली होती. तेवढ्यात दारात शेषराव येऊन उभे राहिले. दर्यापूर रस्त्यावरच्या एका खेड्यातले हे गृहस्थ जानराव नोकरीत असल्यापासून त्यांच्याकडे खेटे घालत.

"साहेब, जेवता जेवता आयका," शेषराव म्हणाले. "तुमची वळख हाये हापिसात. आमच्या अंगणवाडीत..."

जानरावांची मान आपोआप ताटात गेली. चेहऱ्यावरचा सगळा भाव निघून गेला. अनुपने भाकरीचा तुकडा उचलून पाहिला.

"...दिवाळीपासून लेकराईचा आहार बंद हाये. लेकरं वाट्या घेऊन येतेत अन् तशीच..."

"बघू," जानराव पंख्याकडे पाहत म्हणाले. तुकडा तोंडात गेला. संध्याने घाईघाईने आपल्या वाटीत पाहिलं.

"बाई घरून मुरमुरे आणते बिचारी. पण तिनं तरी किती..."

दुसरा तुकडा वरणात बुडाला आणि तोही तोंडात गेला. माणिकबाईंच्या मांडीवरची पिशवी खाली घसरली.

शेषराव थांबले, तसा अनुपही थांबला. अश्विनला परिस्थितीचं गांभीर्य कळलं. "काका, घाई नका करू," तो म्हणाला. "पुन्हा पयलेपासून सांगा."

एवढ्या वर्षांत शेषरावांना हे कोणी म्हटलं नव्हतं. गहिवरून त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तोवर अनुपची भाकरी संपली आणि वाटीही चाटून झाली.

माणिकबाई एकट्याच अकोल्याला गेल्या. जानरावांनी नातवाला छातीशी धरलं. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. मग त्यांनी शेषरावांना चहा पाजला आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "उद्याबी या. याच टायमाले."

आता शेषराव रोज येतात. आपलं काम पुढे सरकतंय असं त्यांना वाटतं. अनुपने चांगलं बाळसं धरलंय. इंदूबाईंची नातही जेवायला कटकट करते म्हणून तिच्यासाठी एखादा तक्रारदार शोधणं चालू आहे (नळाच्या पाण्याचा असला तरी चालेल).

अनुप जेवला, हे वाचून तुमचाही जीव भांड्यात पडला असेल. शेषरावांच्या गावातली लेकरं त्या दिवशी काय जेवली, हे मात्र तुमच्या मनात आलं नाही. वाईट वाटून घेऊ नका. जे शिकायला जानरावांना सबंध नोकरी लागली, ते तुम्हाला एका बैठकीत जमलं.