सूर्याआधीची झाडं

आमच्या शेजारचे साळवे सर रोज संध्याकाळी सहा वाजता स्वतःशीच भांडतात, आणि बहुतेक वेळा हरतात.

हे मी पदरचं सांगत नाहीये. त्यांची गॅलरी आणि माझी गॅलरी यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि मला कान आहेत. त्यांच्या गॅलरीत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, एक निळी, एक लाल. सर निळीत बसतात, चहाचा घोट घेतात आणि म्हणतात, "अगं, सहा दिवसांत अख्खं जग? पुरावा दे." मग कप खाली ठेवतात, उठतात, लाल खुर्चीत जाऊन बसतात आणि दुप्पट ठसक्यात म्हणतात, "अहो, तुमच्या खापरपणजोबांचा तरी पुरावा आहे का तुमच्याकडे? तरी होतेच ना ते?" की परत निळी. की परत लाल. डॉक्टरांनी गुडघ्यांना आराम द्यायला सांगितलंय म्हणे. कसला आराम आणि कसलं काय!

निळी खुर्ची सरांची, लाल मार्थाबाईंची. मार्थाबाई म्हणजे सरांची बायको. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

सर मूळचे नगरकडचे. डोंबिवलीत शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात जन्म गेला. बाई कल्याणच्या. रविवारी सकाळी चर्चच्या शब्बाथ शाळेत मुलांना पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, गोष्टी सांगायच्या. आता गंमत बघा, मुलं दोघांकडे तीच. सोमवार ते शनिवार सर सांगणार की माणूस लाखो वर्षांत माकडासारख्या पूर्वजांपासून घडत घडत आला. रविवारी बाई सांगणार की देवाने सहा दिवसांत जग केलं, शेवटी मातीचा आदाम केला आणि फुंकर घालून जिवंत केला. पोरांनी करायचं काय? एकाने परीक्षेत लिहिलं, 'देवाने आधी मातीचं माकड केलं.' सरांनी त्याला अर्धा मार्क दिला आणि बाईंनी घरी बोलावून करंज्या दिल्या.

सर नास्तिक होते असं समजू नका हं. दर रविवारी बाईंनी इस्त्री केलेला शर्ट घालून चर्चला जायचे आणि सगळ्यात मोठ्या आवाजात गायचे, तेही बेसूर. "ताई, मी देवाला मानतो," मला म्हणायचे, "फक्त त्याच्या वेळापत्रकाबद्दल मला शंका आहेत."

त्यांचं पेटंट वाक्य एकच. वॉचमन म्हणाला, लिफ्ट बंद आहे, की सर म्हणणार, "हे विधान झालं. शास्त्रीय कारण?" दूधवाला म्हणाला, आज उशीर झाला, "विधान झालं. शास्त्रीय कारण?" मानपाड्याकडून वारा आला आणि कारखान्यांचा वास घरात शिरला की आम्ही सगळे खिडक्या लावतो. सर खिडकीत उभे राहून तो हुंगत बसतात आणि कुठलं रसायन असेल ते सांगतात. बाईंचं वाक्य वेगळं होतं. "सगळं तुम्हालाच कळलं, तर देवाने काय करावं?"

एकदा सरांना आंबिवलीला रुळांजवळ एक दगड सापडला. त्यावर शंखासारखं वेटोळं होतं. सर हर्षवायू झाल्यासारखे जिना चढत आले. "जीवाश्म! कोट्यवधी वर्षांचा!" पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलेले, तर बाई त्याच दगडाने आलं ठेचत होत्या. "देवाने बरोब्बर माझ्या मुठीच्या मापाचा केलाय," म्हणाल्या. सर चिडून चार दिवस पुस्तकं चाळत बसले आणि शेवटी त्यांनाच कबूल करावं लागलं, की आपल्याकडचा हा काळा दगड ज्वालामुखीचा, त्यात शंख मिळत नसतात. तो दगड अजून त्यांच्या ओट्यावर आहे आणि सर त्यानेच आलं ठेचतात.

मूलबाळ नव्हतं. घरात तिसरं माणूस म्हणजे हा वाद. चाळीसेक वर्षं त्यांनी तो लाडाने वाढवला. ऑपरेशनला नेताना बाई स्ट्रेचरवरून म्हणाल्या होत्या, "वाद अर्धवट राहिलाय हं. मी आले की पुढचं." त्या आल्या नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सर तेवढंच सांगत होते. "आमचा वाद अर्धवट राहिला हो."

आणि इथे मी माती खाल्ली.

माझा स्वभाव असा की दुसऱ्याच्या घरचा नळ गळताना दिसला तरी माझ्या जिवाला चैन पडत नाही. दोन वर्षं मी भिंतीपलीकडून त्या येरझाऱ्या ऐकत होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना उत्तर हवंय. कोणी जाणत्या माणसाने हा वाद एकदाचा मिटवला, की म्हातारा सुखाने चहा पिईल. त्यांच्या चर्चमध्ये नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले होते. तरुण, हसरे, कॉलेजात विज्ञान शिकलेले. मी नंबर काढून त्यांना फोन केला आणि सरांकडे चहाला बोलावलं. मी, जिने जन्मात कधी चर्चचं दार ओलांडलं नाही! वर शिरा करून नेला.

पाळकसाहेबांनी दोन चमचे शिरा खाल्ला आणि पाच मिनिटांत निकाल लावला. "सर, अगदी सोपं आहे. सूर्य कधी झाला? चौथ्या दिवशी. मग त्याआधीचे तीन दिवस कुणी मोजले? तेव्हा तो दिवस आपला चोवीस तासांचा नव्हेच. देवाचा एक दिवस म्हणजे आपली कोट्यवधी वर्षं. आधी पाणी, मग झाडं, मग मासे, मग जनावरं, शेवटी माणूस. तुमचं विज्ञान तरी वेगळं काय सांगतं? बाईही बरोबर, तुम्हीही बरोबर!"

मी तर टाळ्या वाजवायचीच बाकी होते. सरांनी एकदाही शास्त्रीय कारण विचारलं नाही. हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "पटण्यासारखं आहे. सुटलं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी सहा वाजले. भिंतीपलीकडे काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी म्हटलं, छान, म्हातारा निवांत झाला. चौथ्या दिवशी सकाळचं दूध दहा वाजेपर्यंत दाराला लटकत होतं, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. पिशवी घेऊन आत गेले. सर सोफ्यावर बसलेले, दाढी वाढलेली. गॅलरीत लाल खुर्ची निळीवर चढवून कोपऱ्यात ठेवली होती.

"सर, हल्ली वाद ऐकू येत नाही."

"मिटला ना, ताई." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "आता ती कशाला येईल?"

मग स्वतःच गडबडीने म्हणाले, "विधान चुकलं माझं. अशास्त्रीय आहे. सोडून द्या."

मी घरी येऊन रडले. खोटं कशाला सांगू, हमसून हमसून रडले. उपकार करायला गेले आणि त्या माणसाच्या घरातून बाईंना दुसऱ्यांदा बाहेर काढून आले. आता ते निस्तरायचं कसं? मी पडले मालवणची, सत्यनारायण घालणारी. त्यांच्या शास्त्रातलं मला काय कळतंय?

वाट दाखवली कढीपत्त्याने. आमच्या बिल्डिंगचं रंगकाम चाललं होतं, म्हणून मी गॅलरीतली कुंडी आतल्या बोळात ठेवलेली. फोडणीला पानं काढायला गेले तर झाड पार पिवळं पडलेलं. पंधरा दिवस ऊन नाही, दुसरं काय होणार! हातातली पानं तशीच राहिली. तेल करपलं. गॅस बंद केला, कुंडी उचलली आणि सरांच्या दाराची बेल वाजवली.

"सर, मला एक सांगा. झाडं कितव्या दिवशी झाली?"

"तिसऱ्या."

"आणि सूर्य?"

"चौथ्या. का हो?"

कुंडी मी त्यांच्या टीपॉयवर आदळली. "ह्याला पंधरा दिवस ऊन नाही, तर ही दशा! मग तुमच्या त्या पाळकसाहेबांच्या हिशेबाने बिचारी झाडं कोट्यवधी वर्षं सूर्याशिवाय जगली कशी? दिवस चोवीस तासांचाच पाहिजे. एक दिवस झाड कसंही तग धरतं. म्हणजे बाईंचं बरोबर. आणि हे नुसतं विधान नाहीये, कारणही सोबत आणलंय!"

सरांनी चष्मा लावला. एक पिवळं पान तोडलं, उजेडाकडे धरलं, बोटांत फिरवलं. "हरितद्रव्य गेलंय," पुटपुटले. "अन्न तयार होणार कुठून?" मग एकदम माझ्याकडे बघितलं. शाळेत एखाद्या ढ मुलीने बरोबर उत्तर दिल्यावर बघत असतील तसं.

उठून ते गॅलरीत गेले. लाल खुर्ची खाली उतरवली, खांद्यावरच्या पंच्याने पुसली आणि निळीसमोर मांडली. सहा वाजायला अजून वेळ होता, पण चहाबिहा काही नाही, थेट निळीत बसले.

"अगं, ऐकलंस का? तुझ्या बाजूने साक्षीदार आलाय. पण चोवीस तास तर चोवीस तास, सूर्याच्या आधी झाड लावायचंच कशाला? शास्त्रीय कारण?"

गुडघ्यावर हात ठेवून उठले. लाल खुर्चीत बसले. मी दारातच उभी. सरांनी खांद्यावरचा पंचा पदरासारखा सावरला. मग बाईंचा तो ठसका आला.

"अहो, प्रकाश तर त्याने पहिल्याच दिवशी केला होता. तुम्ही धडा नीट वाचत नाही. आणि सगळं तुम्हालाच कळलं, तर देवाने काय करावं?"

आणि सर तिथेच, लाल खुर्चीत बसल्या बसल्या, हसायला लागले. हसता हसता पंचा डोळ्यांना लावला, तो बराच वेळ काढला नाही. मी हळूच कुंडी उचलायला गेले.

"ताई, कुंडी राहू द्या इथेच," पंच्याआडून सर म्हणाले. "ती आली की तिला पुरावा लागेल."