भेटीच्या जागेवर माझा पहारा

माझा स्वभाव संशयी नाही. (दूधवाल्यासमोर दूध पुन्हा मापून घेतो, ती निव्वळ खबरदारी.) पण त्या सकाळी ऑफिसातल्या राउटरांवर सहज एक नजर टाकावी असं मनात आलं आणि तिथेच माशी शिंकली.

कंपनीचं नेटवर्क मी सांभाळतो. बायको तिथेच प्रशिक्षण विभागात. त्या दिवशी ती पहिल्यांदाच सगळ्या शाखांशी व्हिडिओवर थेट बोलणार होती. जमलं तर विभागप्रमुखाची खुर्ची तिची. आठवडाभर ती आरशासमोर भाषण करत होती आणि मी टाळ्या वाजवत होतो.

आता एकच व्हिडिओ अनेक शाखांत जायचा, तर पाठवणाऱ्याला बघणारे ठाऊक नसतात आणि बघणाऱ्यांना पाठवणारा. म्हणून एक राउटर दोघांच्या भेटीची जागा ठरतो. पण ‘मीच भेटीची जागा’ असं कुठलाही राउटर उठून सांगू शकतो आणि बाकीचे बापडे विश्वास ठेवतात!

त्या दिवशी असाच एक अनोळखी राउटर उठला. त्याच खुर्चीवर डोळा असलेला बायकोच्या विभागातला एक चष्मेवाला सकाळीच मला बघून हसला होता. विनाकारण कोण हसतं? मी फिल्टर लावला: याचं ऐकू नका.

थोड्याच वेळात बायकोचा फोन.

"अहो, शाखांत काहीच दिसत नाहीये!"

"घाबरू नकोस. चोर बाहेर काढलाय. नवा राउटर घुसला होता."

"तो तुमच्या साहेबांनीच जोडलाय, जुना बंद पडला तर असावा म्हणून! काल जेवताना सांगितलं नव्हतं का?"

"मग जुना चालू असेल की."

जुनाही चालेना. कारण फिल्टरची रीत अशी, की ज्याला ‘चालेल’ लिहिलेलं नाही, तो बाहेर. मी एकाला ‘नको’ लिहिलं, ‘बाकीचे चालतील’ लिहायचं राहिलं. सगळेच बाहेर! (नवशिक्यांना हे मीच शिकवतो.) तिची वेळ टळून गेली. तिचे भरलेले डोळे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी दिली. निघताना ती आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंना एवढंच म्हणाली, "आई, यांना बाहेर सोडू नकोस."

सासूबाईंनी दारात खुर्ची टाकली. मी मनातून खूश झालो. ‘बाकीच्यांना सोड’ हे बायकोही विसरली होती! आता कुणाचीच ये-जा नाही.

दूधवाला आला, गेला. शेजारीण आली, गेली. तिचं मांजरसुद्धा आलं, गेलं. मग मीही चप्पल घालून पुढे झालो.

"जावईबापू, तुम्ही तेवढे बसा," सासूबाई म्हणाल्या. "लेकीचा फोन आला होता. खुर्ची मिळाली तिला. आता दर सोमवारी बोलायचंय म्हणे. तुम्ही सोमवारच्या रजा टाकून ठेवा."