उपडी ताटली आणि निर्जंतुक जावई

कच्च्या बीफमधले जंतू आगीशिवाय मारणारा माणूस बघायचा असेल, तर तो मी! चटका नाही, वाफ नाही. मांस पिशवीत बंद करायचं, पाण्याच्या यंत्रात ठेवायचं आणि असा दाब द्यायचा, की जंतूंची दे माय धरणी ठाय झाली पाहिजे. सोलमधल्या आमच्या संस्थेत या कामात माझा हात धरणारा कोणी नाही.

एवढ्या विद्येवर बोरामशी लग्न सहज जमेल असं मला वाटलं होतं. पण तिचे वडील, दॉक्सू काका, देगू शहरात मुंगतिगी विकतात. त्याच दिवशी कापलेल्या बीफचे कच्चे तुकडे, लसूण-मिरचीच्या तिखट तेलात बुडवून खायचे. शनिवार-रविवार कत्तलखाना बंद, म्हणून दुकानही बंद. लग्नाचा विषय काढला की काका म्हणायचे, "आधी काहीतरी करून दाखव, डॉक्टर!"

दाखवतोच म्हटलं! फोनच केला.

"काका, या रविवारी तुम्हाला मुंगतिगी खाऊ घालतो! मांस शुक्रवारचं, पण एकदम निर्जंतुक. दुकान आठवडाभर चालेल!"

"आठवडाभर?" काकांचा आवाज बसला. मला वाटलं, गहिवरले.

रविवारी दुकानाच्या स्वयंपाकघरात बोरामने माझी पिशवी फोडली.

"अरे, हे उकडलंस तू?"

"उकडलं नाही! दाबलं!"

मांस पांढुरकं पडलं होतं. 'रंगात किंचित फरक' असं मीच अहवालात लिहितो. त्यातून होणाऱ्या सासऱ्यांचं काम, म्हणून दाबही जरा सढळ हाताने दिलेला. मी तिखट तेलाची वाटी उचलली आणि सगळी त्याच्यावर ओतली.

"वरून ओततात का कधी? बाबा हाकलून देतील तुला!"

"निदान लाल तरी दिसेल!"

बाहेर काका आणि त्यांचे जिवलग मित्र गिचोल काका वाट बघत बसले होते. मी ताटली ठेवली. काकांनी तिचा वास घेऊन पाहिला, मग ती उचलली.

आता, मुंगतिगी ताजी असेल तर ताटली उपडी केली तरी तुकडे खाली पडत नाहीत, चिकटून राहतात. देगूत शेंबड्या पोरालाही ही परीक्षा माहीत आहे. मलाही माहीत होती! पण माझ्यासारख्या शास्त्रज्ञाची परीक्षा कोण घेणार? काकांनी घेतली. नेहमीच्या सवयीने, गिचोल काकांच्या डोक्यावर!

थपाथप सगळे तुकडे त्यांच्या टकलावर पडले. मागोमाग तेल.

"डोळे! अरे, माझे डोळे!"

"घाबरू नका, काका! एकही जंतू नाही त्यात!"

"मिरची आहे ना, गाढवा!"

बोराम पाणी आणायला धावली. मी रुमाल घेऊन पुढे झालो आणि तेल त्यांच्या कानातही गेलं. दॉक्सू काका रिकाम्या ताटलीकडे बघत उभे होते. संपलं, बोराम गेली हातातून!

"म्हणजे," काका सावकाश म्हणाले, "रविवारी दुकान उघडता येणार नाही?"

"बहुतेक... नाही."

"बहुतेक नको! नक्की सांग!"

"नक्की नाही, काका."

काकांनी मला कडकडून मिठीच मारली!

"अरे, रविवारी आम्ही दोघं पोहांगच्या समुद्रावर मासे धरायला जातो! तुझं ते यंत्र चाललं असतं, तर या पोरीने मला रविवारीही दुकानाला जुंपलं असतं. तुझा फोन आल्यापासून डोळ्याला डोळा नाही माझा!"

"बाबा!" बोराम ओरडली.

"तू गप्प बस. असला जावई शोधून सापडायचा नाही. कर लग्न याच्याशी!"

"आणि माझे डोळे?" गिचोल काका मोरीतून म्हणाले. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

तर असं माझं लग्न झालं. लग्नाच्या जेवणात सासऱ्यांनी स्वतः पकडलेला मासा होता. अर्थात कच्चाच! पहिला घास त्यांनी जावयाच्या तोंडापुढे धरला, सगळे नातेवाईक बघत होते, आणि दाबाचं यंत्र सोलला होतं. मी डोळे मिटले आणि मुकाट्याने तोंड उघडलं.