घराची आठवण न आल्याबाबत

शौनक दत्तप्रसाद खांबेटे, वय बावीस, राहणार वारजे, या प्रशिक्षणार्थीला घराची आठवण येत नाही, ही गंभीर बाब कंपनीच्या निदर्शनास अकराव्या दिवशी आली.

वास्तविक कंपनीने आपल्या बाजूने कुठेच कसर ठेवली नव्हती. हिंजवडीतल्या या कंपनीचा नव्वद दिवसांचा निवासी कार्यक्रम होता. कॉलेजातून थेट आलेल्या चौऱ्याहत्तर मुलामुलींनी होस्टेलवर राहायचं, सकाळी साडेआठला समोरच्याच इमारतीत कामाला जायचं, संध्याकाळी परत यायचं आणि नव्वद दिवसांनी एक तर नोकरीत कायम व्हायचं, नाही तर घरी जायचं. शौनकचं घर तिथून चौदा किलोमीटरवर होतं. पण ते अंतर कापायला कंपनीच्या बसला कमीत कमी दीड तास लागत असल्यामुळे कागदोपत्री तो परगावचा धरला गेला. निघताना आईने हातावर दही ठेवलं. बाबांनी "पोचलास की कळव" असं टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं. तो पोचला, त्याने कळवलं आणि तिथून पुढे त्याचं फार छान चाललं होतं.

घोटाळा झाला तो समायोजन तक्त्यामुळे. घर पहिल्यांदा सोडलेल्या तरुणाला पहिल्या आठवड्यात उत्साह वाटतो, दुसऱ्यात घराची आठवण येते, तिसऱ्यात ती ओसरते आणि चौथ्यात तो कंपनीलाच आपलं कुटुंब मानू लागतो, असं मनुष्यबळ विभागाने मोठा अभ्यास करून ठरवलं होतं. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात रोज मोबाइलवर प्रश्नावली येत असे. आज घराची आठवण किती वेळा आली? कोणाची? गळा दाटून आला काय? आला असल्यास कामाच्या वेळेत की नंतर? त्र्याहत्तर जणांनी ही माहिती नीट भरली. लातूरच्या निशाने तर एका दिवसात सतरा वेळा आठवण काढून विभागाची शाबासकी मिळवली. शौनकने मात्र सलग चार दिवस 'नाही', 'लागू नाही', 'नाही', 'लागू नाही' असं लिहिलं, आणि त्याच्या नावापुढे तांबडा ठिपका उमटला.

कल्याण अधिकारी शेफाली मॅडमनी त्याला बोलावून घेतलं.

"शौनक, बी ऑनेस्ट विथ मी. घरी काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही मॅम. घर चांगलं आहे."

"मग आठवण का येत नाही?"

शौनकने प्रामाणिकपणे विचार केला. "मॅम, इथे मला खाट आहे."

"घरी नव्हती?"

"घरी सोफा-कम-बेड आहे. बाबांच्या बातम्या संपल्या की त्याचा बेड होतो. इथे मी साडेनऊलासुद्धा झोपू शकतो. खाटेला पडदापण आहे."

मॅडमनी पडद्याची नोंद घेतली आणि मग अडचण समजावून सांगितली. "हे बघ, ताप आलाच नाही, तर बरा झाल्याचं सर्टिफिकेट मी कसं देणार? तिसऱ्या आठवड्यात तुझी आठवण ओसरली पाहिजे. त्यासाठी आधी ती यायला नको का?"

"मी डायरेक्ट चौथ्या आठवड्यात गेलो तर?"

"सिस्टिम अलाऊ करत नाही. आणि समायोजन पूर्ण नसेल तर कन्फर्मेशनपण होत नाही."

ही नोकरी शौनकला मनापासून हवी होती. कॉलेजात आलेल्या तीन कंपन्यांनी त्याला नाकारलं होतं, आणि ही गेली तर तो पुन्हा बातम्या संपायची वाट बघत बसणार होता. त्या भीतीने त्याचे डोळे भरूनही आले. परंतु ते घराच्या आठवणीने नव्हे तर घरी जावं लागेल या धास्तीने भरले असल्याचं त्याने स्वतःच सांगून टाकलं, त्यामुळे ते अश्रू ग्राह्य धरता आले नाहीत.

उपाय म्हणून त्याला दुसऱ्या मजल्यावरच्या आठवण कक्षात पाठवण्यात आलं. तिथे दर दहा मिनिटांनी एक यंत्र हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास सोडत असे. भिंतीतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत आणि मधूनमधून एक सर्वसाधारण आई "अरे ऊठ, किती वाजलेत बघ!" असं ओरडत असे. भलेभले तिथून रुमाल भिजवून बाहेर पडले होते. शौनक पाऊण तासानेही बाहेर आला नाही तेव्हा दार उघडण्यात आलं. तो गाढ झोपला होता. अहवालात 'प्रतिसाद: घोरणे' एवढंच लिहिलं गेलं.

मुलात दोष नाही, त्याअर्थी दोष घरात असला पाहिजे, हे आता उघड झालं. अशा वेळी कंपनी उगमस्थानाची पडताळणी करते. शनिवारी सकाळी अकरा वाजता शेफाली मॅडमनी वारज्याला व्हिडिओ कॉल लावला. शौनकची आई पूर्णिमाबाई सतार घेऊन बसल्या होत्या. बाबा मागे पेपर वाचत होते.

"काकू, शौनक गेल्यापासून घर अगदी खायला उठत असेल ना?"

"छे हो. हॉल केवढा दिसायला लागलाय!" पूर्णिमाबाई म्हणाल्या. "लग्नाआधी शिकत होते सतार. माळ्यावरून काढली. इतकी वर्षं पाय पसरून बसायला जागाच नव्हती."

"पण त्याची आठवण तर येत असेल?"

"येते की. परवा सिलेंडर बुक करायचा होता तेव्हा आली."

"मॅडम," दत्तप्रसाद पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पोरगा वारज्याहून हिंजवडीला गेलाय. विलायतेला नाही. तुम्ही त्याला काम द्या. रडायचं त्याचं तो बघेल."

मॅडमनी अभिप्राय लिहिला. 'घर: अनाकर्षक. पालक: आनंदी. सुधारणेस भरपूर वाव.'

सुधारणा आराखड्यानुसार पूर्णिमाबाईंनी रोज दुपारी सव्वाला आणि रात्री साडेआठला मुलाला "जेवलास का?" असं विचारायचं होतं. त्यांनी कुरकुर केली, पण मुलाच्या नोकरीचा प्रश्न होता. पहिल्या दिवशी बरोबर सव्वाला मेसेज आला.

"जेवलास का?"

"हो. का? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मॅडमनी विचारायला सांगितलंय."

हा संवाद पुरावा म्हणून जोडला असता विभागाने तो परत पाठवला. आईच्या मायेत मनुष्यबळ विभागाचा उल्लेख नसावा, अशी सूचना सोबत होती. पाठोपाठ शौनकला नोटीसही मिळाली. सात दिवसांत घराची आठवण न आल्यास आपणांस घरी पाठवण्यात येईल.

ती नोटीस घेऊन शौनक मेसमध्ये बसला. जेवणं आटोपली होती. तिसऱ्या खांबाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर होस्टेलचे मालक हिंमतराव नेहमीसारखे बसले होते. ही सात मजली इमारत त्यांच्याच जमिनीवर उभी होती आणि ते सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचे. तरी दिवसभर या खांबाशीच असत. पानात टाकणाऱ्यांवर लक्ष ठेवायला बसतात, असा मुलांचा समज होता.

"कशापायी त्वांड पाडून बसलाय?" हिंमतरावांनी विचारलं.

"काका, मला घराची आठवण येत नाही. त्यामुळे नोकरी जाईल."

हिंमतरावांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "मला येती. रोज येती."

"पण तुम्ही तर इथेच राहता."

"तर! घर बी हितंच हुतं की. ह्या खांबाच्या जागी चूल. आमची आय, मथुराबाई, हितं बसायची भाकरी थापत. तुमी ताटं घिऊन लाइन लावता न्हवं, थितं रंगी बांधल्याली असायची. म्हस. लई तापट. आयबिगर कुनाला हात लावू द्यायची न्हाई." त्यांनी खांबावर हात ठेवला. "आता लिफ्ट हाय, दोन गाड्या हायेत, पोरं खूस हायेत. पन म्या कुटं गेलोच न्हाई आन् घर मातर गेलं. आता परत जावं म्हनलं तर कुटं जायाचं, सांग बरं?"

ते तासभर बोलत राहिले. अंगणातला शेवगा, धुराने काळं पडलेलं छत, पावसात गळणारा कोपरा, आई गेली तेव्हा दोन दिवस चारा न खाल्लेली रंगी. शौनकला त्यांच्याबद्दल खरोखर वाईट वाटलं, आणि वाईट वाटतावाटताच त्याने मोबाइल काढून टिपून घ्यायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी त्याने 'माझं घर' या विषयावर दीड पानी निवेदन सादर केलं. त्यात चूल होती, शेवगा होता, गळणारा कोपरा होता आणि आईवाचून उपाशी राहणारी रंगी होती. वारज्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये म्हैस कशी मावली, हा प्रश्न कुणालाही पडला नाही. शेफाली मॅडम खराडीत राहायच्या आणि त्यांच्या लेखी वारजे हे पुण्याजवळचं एक खेडं होतं. निवेदन वाचून त्या रडल्या. शंभरपैकी शहाण्णव गुण पडले, तांबडा ठिपका जाऊन हिरवा आला आणि आठवण ओसरण्यासाठी शौनकला नियमाप्रमाणे एक आठवडा देण्यात आला. त्याने ती पाच दिवसांतच ओसरवली.

एवढ्यावर भागतं तर बरं होतं. पण कंपनीने ते निवेदन मोठ्या अक्षरांत छापून मेसमध्ये लावलं आणि पालकांनाही पाठवलं.

"अरे, आपल्याकडे म्हैस कधी होती?" पूर्णिमाबाईंनी फोनवर विचारलं.

"आई, प्लीज. कन्फर्मेशनपर्यंत होती असं समज."

दत्तप्रसादांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली 'संस्कार' एवढाच शब्द लिहिला. एकोणतीस जणांनी हात जोडले. संध्याकाळपर्यंत, लहानपणी आपण रंगीचं दूध प्यायलो होतो, असं दत्तप्रसादांना अंधूक आठवू लागलं होतं.

हिंमतरावांनी तो फलक वाचला तेव्हा शौनक ताट घेऊन रांगेत उभा होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"सॉरी, काका," शौनक म्हणाला. त्याला मान वर करवेना.

"सारी कशाला? माझ्या पोरांला म्या हे धा येळा सांगितलं, एकानं ऐकलं न्हाई. तू लिवून तरी घेतलंस." मग रंगीच्या नावावर बोट ठेवून ते म्हणाले, "म्हशीचं नाव तेवढं बदलायचं हुतंस. ती आयची हुती."

त्याच दुपारी ते शेफाली मॅडमच्या दारात जाऊन उभे राहिले. आठवण येणाऱ्यांचा फॉर्म आपल्यालाही भरायचा आहे, असं त्यांनी सांगितलं. मॅडमनी त्यांना अदबीने बसवलं, पाणी दिलं आणि आपण प्रशिक्षणार्थी नसल्यामुळे आपल्याला येणारी आठवण ही आपली वैयक्तिक बाब आहे, असं कळवलं.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी शौनकच्या हाती कायम होण्याचा अर्ज पडला. नाव, पत्ता, रक्तगट भरून झाल्यावर शेवटचा रकाना आला. 'आपल्या आईचा आवडता पदार्थ. कमाल तीस अक्षरे. रिकामा ठेवल्यास अर्ज पुढे जाणार नाही.' कायम झालेल्या प्रत्येकाच्या घरी कंपनी मिठाईची पेटी पाठवत असे, आणि आवडीनिवडी माहीत असलेल्या बऱ्या असं विभागाचं धोरण होतं. पेटी सर्वांना एकाच प्रकारची जात असे.

शौनक पडद्यामागे खाटेवर बसून विचार करू लागला. हिंमतरावांच्या आईबद्दल काही विचारलं असतं तर त्याने घडाघडा सांगितलं असतं. स्वतःच्या आईला त्याने बावीस वर्षं रोज जेवताना पाहिलं होतं. ती सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी, जे उरलं असेल ते जेवायची. त्यातलं तिला काय आवडायचं हे त्याला आठवेना. आधी त्याला नवल वाटलं, मग लाज वाटली. अठ्ठ्याऐंशी दिवसांत पहिल्यांदाच त्याने कुणी न सांगता घरी फोन लावला.

"आई, तुला काय आवडतं गं? खायला."

पलीकडे सतार थांबली. "का रे?"

"असंच."

पूर्णिमाबाईंनी सतार बाजूला ठेवली. मग त्यांनी विचारलं, "फॉर्ममध्ये आहे का?"

"हो."

"किती अक्षरं?"

"तीस."

"मग पुरणपोळी लिही. बसेल त्यात."

"पण तुला आवडते का पुरणपोळी?"

"मला करता येते," आई म्हणाली. "लिही लवकर, नाही तर साइट बंद पडेल."

त्याने पुरणपोळी लिहिलं. शौनक खांबेटे कायम झाला.

नोंदीसाठी सांगायचं तर, चौऱ्याहत्तरपैकी एकसष्ट जणांनी पुरणपोळी लिहिली, नऊ जणांनी बेसनाचे लाडू आणि चौघांनी 'सगळंच'. कंपनीने सर्व उत्तरं बरोबर धरली. खातरजमा करायला एकाही आईला फोन गेला नाही. तो रकाना वाचताना आपणही मनातल्या मनात एक पदार्थ भरला आहेच. तो आईला आवडतो की आईने केलेला आपल्याला आवडतो, असं आम्ही विचारणार नाही. अर्ज पुढे जायला काही हरकत नाही.