केसाएवढ्या मात्रा

"जाड आणि सरळ काढ रे बाबा. लोकांना दिसलं पाहिजे," ताईने बजावलं होतं. मोठ्या इस्पितळातली चालती नोकरी सोडून ती स्वतःचा डोळ्यांचा दवाखाना काढत होती. पाटीचं काम साहजिकच धाकट्या भावाकडे आलं. पुस्तकांची मुखपृष्ठं करणं हा त्याचा व्यवसाय.

"जाड अक्षरं पंक्चरवाल्याला शोभतात, ताई," तो म्हणाला. हे वाक्य पुढे त्याला फार छळणार होतं.

त्याने आपला लाडका अक्षरांचा टाइप निवडला. उभ्या रेघा भरदार, मात्रा केसाएवढ्या, टोकं सुरीच्या पात्यासारखी, आणि सगळं अक्षर उजवीकडे असं झुकलेलं, जणू कानात काही सांगतंय. कवितासंग्रहावर, अत्तराच्या बाटलीवर तो टाइप बघत राहावा असा दिसे. पण ते हातात धरून वाचायचं अक्षर. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मोहापायी त्याने ते नजरेआड केलं.

'डोळे तपासणी' अशी पाटी लागली. रस्त्यापलीकडून कित्येकांना मात्रा दिसेचनात. त्यांच्यापुरती ती 'डाळ तपासणी' झाली.

पहिले आले एक आजोबा, हातात पिशवी. "बाई, या डाळीत खडे निघतात. वाणी कबूल करत नाही. तुम्ही लिहून द्या."

त्यांच्या मागोमाग समोरचा वाणी धापा टाकत आला. "मॅडम, आधी माझं ऐका. आणि ही काजूची पाकिटं राहू द्या, घरचीच समजा."

"अहो, मी डोळ्यांची डॉक्टर आहे!"

"कळतं ना मॅडम. डोळ्यांत तेल घालून तपासणार तुम्ही."

धाकट्याच्या कानावर हे गेलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहिणीने सगळं पणाला लावलं होतं आणि आपण तिथे ऐट मिरवली. दुसऱ्याच दिवशी तो शिडी आणि काळा रंग घेऊन हजर झाला.

"चुकलं माझं, ताई. आत्ता जाड आणि सरळ लिहून देतो."

"शिडी खाली ठेव. पाटीला हात लावायचा नाही."

आत बाकावर माणसं दाटीने बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर डाळीची पिशवी.

"नजर चांगली असलेला 'डोळे' वाचतो आणि पुढे जातो," ताई हळूच म्हणाली. "'डाळ' वाचणारा आत येतो आणि त्याला हमखास नंबर निघतो. आजोबांना मोतीबिंदू निघाला. वाण्याला तर लांबचंही दिसत नाही आणि जवळचंही, खडे राहतील नाहीतर काय!"

धाकट्याने सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. तो मात्र दारात उभा राहून आपल्या झुकलेल्या अक्षरांकडे बघत राहिला. आजवर केलेल्या कामांत सर्वांत जास्त उपयोगी पडलेलं हे काम, आणि तेही कुणाला दिसत नाही म्हणून.

"सुंदर तरी आहेत ना गं?" त्याने विचारलं.

"सुंदर आहेत रे. पण ज्याला ते दिसतं, तो माझ्या काय कामाचा?" म्हणत ताईने पुढच्या पिशवीवाल्याला आत बोलावलं.