सोजरबाईच्या आजारी कोंबड्यांचे हितचिंतक

सोजरबाईने सकाळी कोंबड्यांचं डालं उचललं. डाल्याखालच्या हगवणीत रक्त होतं. दोन पिलं आडवी होऊन थंड पडली होती. बाकीच्या कोंबड्या पिसं फुगवून, माना आत ओढून, मयताला आलेल्या माणसांसारख्या गप्प उभ्या होत्या.

"अवो, उठा! कोंबड्या रगत हगून राह्यल्या!"

उकंडराव बायकोच्या पहिल्या हाकेला आजवर कधी उठले नव्हते. आज उठले. धोतर सावरत अंगणात आले, वाकून कोंबड्यांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तोंडात आलं.

"अरारा, लय वाईट झालं," ते म्हणाले. "घरात कांदे हायत का?"

वाचकहो, उकंडराव काही राक्षस नव्हते. किन्हीराजा गावात तेव्हा रीतच तशी होती. कोंबडी आजारी पडली की तिला औषध द्यायचं नाही, फोडणी द्यायची. मरायच्या आत कापली की ते जेवण, मेल्यावर उकिरडा. त्यामुळे ज्या घरची कोंबडी मान टाकी, त्या घरी समाचाराला गर्दी होई. फाल्गुनात सोजरबाई स्वतः तापाने फणफणून पडली होती, तेव्हा गल्लीतलं एक माणूस दाराशी आलं नाही. आज ऊन अंगणात उतरायच्या आत सात माणसं आली, त्यातला एक तर हळद-तिखट घेऊन.

सगळ्यांच्या पुढे रामराव. हे उकंडरावांचे चुलतभाऊ, शेजारचंच घर. गावात कुठलंही काम निघालं की हे सल्ला द्यायला पुढे, हात लावायला मागे. आज मात्र हातात धार लावलेली सुरी होती.

"वैनी," रामराव गहिवरून म्हणाले, "मुक्या जनावराचे हाल पाहवत नाईत मले. सोडवून टाकू त्यायले."

"तुमाले कायले एवढी दया येऊन राह्यली भाऊजी?" सोजरबाई डाल्याच्या पुढे उभी राहिली. "जो डाल्याले हात लावन, त्याच्या हातावर इळा चालवीन. मंग म्हणू नका सांगतलं नाई."

सात माणसं हळद-तिखटासकट एक पाऊल मागे सरली.

तिचं चिडणं उगाच नव्हतं. वावर सासऱ्याच्या नावावर, बैल नवऱ्याचे, भांड्यांवर नावं सासरकडची. त्या घरात तिचं म्हणावं असं काही असेल तर ते या कोंबड्या. माहेराहून पदराखाली आणलेल्या एका तलंगीची, कोवळ्या कोंबडीची, ही सगळी प्रजा. अंडी देऊन ती दुकानातून मीठ आणी, काडेपेटी आणी, पोरीची पाटी तिने अंड्यांवरच आणली. त्यासाठी कुणापुढे तोंड वेंगाडावं लागत नव्हतं. कोंबड्या गेल्या म्हणजे प्रत्येक चिमूटभर मिठासाठी उकंडरावांना विचारणं आलं. आणि उकंडरावांना काही विचारलं की ते आधी आभाळाकडे पाहत.

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्याच्या पुढचा हा आषाढ. राज्य बदललं, कागदांवरचे शिक्के बदलले, गल्लीतला चिखल तोच होता. त्या चिखलातून सोजरबाई रस्त्यावर आली, मोटारीत बसली आणि मेलेलं पिलू फडक्यात बांधून जवळच्या मालेगावच्या बाजाराला गेली. बाजाराच्या दिवशी तिथे ढोरांचे डॉक्टर येऊन बसत. रांगेत सगळे बैल आणि बैलवाले. कोंबडीसाठी आलेली ही एकटी बाई पाहून बैलवाले हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पिलू चिरलं, आतडं उघडून पाहिलं.

"रक्ती हगवण आहे, बाई. ओल्या जागेत होते. डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, विष्ठेतून दाण्यात, दाण्यातून पोटात. ही पूड घ्या. शेरभर पाण्यात अर्धा चमचा, तोही सपाट, शीग नको. तीन दिवस द्या, दोन दिवस साधं पाणी, मग पुन्हा तीन दिवस. कमी दिलंत तर रोग हटत नाही, जास्त दिलंत तर कोंबडी हटते. आणि दुसरं पाणी तोंडाला लागू द्यायचं नाही. जागा कोरडी ठेवा."

डॉक्टर आणखीही बरंच बोलले. सोजरबाईने सगळं दोनदा विचारून घेतलं, डॉक्टरांचा एक चमचाही मागून घेतला आणि परतली.

घरी पहिलं भांडण चमच्यावरून झालं.

"एवढुशा पुडीनं काय होते?" उकंडराव म्हणाले. "टाक ना चांगली ओंजळभर. एका दिवसात मोकळं!"

"कोण मोकळं? कोंबड्या का तुमी?"

दुसरं भांडण पाण्यावरून. औषधाचं पाणी कडू. कोंबड्यांनी एकदा चोच बुडवली, मान झटकली आणि सरळ रामरावांच्या मोरीवर जाऊन गटागट प्यायल्या. तिथून हाकलल्या तर म्हशीच्या डोणीवर. तिथून हाकलल्या तर गल्लीतल्या डबक्यावर. आषाढातली गल्ली, पाण्याला काय तोटा! पदर खोचून ती दिवसभर कोंबड्यांमागे धावली आणि ओट्यांवर बसलेले हितचिंतक दिवसभर हसले.

सांजच्याला तिने निकाल लावला. घरात कोरडी जागा एकच, मधली खोली. तिथे उकंडराव निजत. तिने त्यांची वाकळ उचलून गोठ्यात टाकली, खोलीत राख आणि कुटार, म्हणजे कोरडा भुसा, पसरलं आणि कोंबड्या आत घातल्या.

"म्या गोठ्यात निजू? बैलाजवळ?"

"बैल काई म्हणून नाई राह्यला. तुमालेच काहून तरास?"

आता पिणार ते औषधाचंच पाणी. तहान लागली तशा कोंबड्या मुकाट्याने प्यायल्या. दुसऱ्या दिवशी रक्त कमी झालं. एक म्हातारी कोंबडी गेली, पण बाकीच्यांनी माना वर काढल्या आणि दाण्याला चोची मारू लागल्या.

इकडे रामरावांच्या घरी रोग शिरला. दुसऱ्याची कोंबडी आजारी पडली तेव्हा हा माणूस सुरी घेऊन धावला होता. स्वतःची पडली तेव्हा मात्र त्याला जीवदया आठवली, कारण आजाऱ्यांत त्याचा लाल तुऱ्याचा झुंजीचा कोंबडा होता. तो कोंबडा म्हणजे रामरावांची इभ्रत. वहिनीकडे औषध मागावं तर नाक खाली जातं. मग शहाण्याने काय करावं? सोजरबाई निंदायला वावरात गेली होती. दुपारची वेळ साधून हा घरात शिरला आणि पुडीतली मूठभर पूड घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाच माणूस लाल कोंबडा काखेत घेऊन, आरडत सोजरबाईच्या अंगणात आला. कोंबड्याची मान लोंबत होती. मागे त्याची बायको कस्तुराबाई, आणि ओट्यांवरची सगळी मंडळी.

"वैनी! तुह्या दव्यानं माह्या कोंबड्याचा जीव घेतला!"

"माह्या दव्यानं?" सोजरबाईने हातातला खराटा खाली ठेवला. "तुमच्या घरी माही दवा कशी आली, भाऊजी?"

कोंबड्यालासुद्धा बोलणं पटलं असावं, त्याने एक डोळा उघडला.

"थे... म्हंजे... म्या जराशीक..."

"जराशीक किती?"

"मूठ."

"लोट्यात?"

"नाई. वाटीत." रामरावांनी मान खाली घातली. "मले वाटलं, डॉक्टर सरकारी हाय, हात आखडून देत असन."

कस्तुराबाईने कपाळावर हात मारला. "घरात भाजीत मीठ जास्त झालं तं ताट फेकते हा माणूस! अन् कोंबड्याले मूठभर दवा पाजते!"

गल्ली फुटली हसून. जे हसले त्यांच्याही घरात कोंबड्या मान टाकून बसल्या होत्या, हे त्यांना हसून झाल्यावर आठवलं. सोजरबाईने कोंबडा काढून घेतला, त्याला सावलीत कोरड्यात ठेवला आणि थेंब थेंब साधं पाणी पाजत बसली. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पहाटे तो आरवला. आरवणं बेसूर होतं, पण रामराव आपल्या घरातून अनवाणी धावत आले.

त्या दिवसापासून गल्लीत सोजरबाईचं राज्य सुरू झालं.

"सगळ्यायच्या कोंबड्या सुदरवतो," ती म्हणाली, "पण माप माहं. चमचा माह्या हातात. अन् गल्लीत डबकं दिसलं नाई पाह्यजे."

गडी माणसांनी का ऐकलं? सरळ आहे. आषाढ सरत आला होता. श्रावण लागला की महिनाभर तोंडाला वशट लागायचं नाही, म्हणून त्याआधी सगळं गाव पोटभर कोंबडं-बकरं खाऊन घेतं. ती आखाडी. आखाडीला जिवंत, धट्टी कोंबडी हवी. या एका आशेवर ज्या माणसांनी आयुष्यात स्वतःच्या दारातलं काटूक उचललं नव्हतं, त्यांनी नाल्यावरून मुरूम आणला. डबकी बुजवली. मोऱ्यांना चर खणले. डाल्यांखाली रोज कोरडी राख टाकली. ग्रामसुधारणेवर गावात तीन भाषणं झाली होती, त्यांनी एक खड्डा बुजला नव्हता. रश्श्याच्या आशेने अख्खी गल्ली कोरडी केली.

रामराव मोटारीने जाऊन आणखी पूड घेऊन आले. सोजरबाई रोज सकाळी दारोदार फिरे, शेराने पाणी मोजे, चमच्यावरून बोट फिरवून शीग पाडे.

"वैनी, माह्यावाल्या मोठ्या हायत, उलीशीक जास्त टाक ना," एखादा म्हणे.

"मोठ्या हायत तं पाणी बी जास्तच पेतीन. बाजूले व्हा."

कोंबड्या सुधारल्या. गल्लीभर विष्ठा कोरडी झाली, तुरे लाल झाले. औषध संपलं. अवसेच्या आदल्या दिवशी गडी माणसं ओट्यांवर बसून आपापल्या कोंबड्यांकडे अशा नजरेने पाहू लागली, की कस्तुराबाई सोजरबाईला म्हणाली, "बाई, मले अशा नजरेनं या माणसानं लगनात बी पाह्यलं नोतं."

रामरावांना आता उदारपणा सुचला. श्रेय वाटायची वेळ आली की हा माणूस वाटपाच्या जागी उभा असेच. त्याने मालेगावहून डॉक्टरांनाच जेवायला बोलावलं. अवसेच्या दिवशी ओट्यावर घोंगडी पडली, मसाला वाटून झाला, सुरीला पुन्हा धार लागली. उकंडरावांनी दुपारचं जेवण मुद्दाम टाळलं होतं. डॉक्टर आले, कोरडी गल्ली पाहून खूश झाले.

"डॉक्टरसायेब," रामराव म्हणाले, "तुमच्या दव्यानं वाचली, थेच कोंबडी आज तुमच्या ताटात!"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "औषध कधी बंद केलं?"

"परवाच की."

"मग ही कोंबडी मी खाणार नाही. आणि तुम्हीही खायची नाही. औषध अंगात असतं. बंद केल्यावर दोन आठवडे तरी मांस नको, अंडंही नको."

उकंडरावांनी बोटांवर दिवस मोजले, मग पुन्हा मोजले. दोन्ही वेळा श्रावणच आला.

"पण हे... हे आदी काहून नाई सांगतलं?" रामरावांचा आवाज चिरकला.

"म्हणजे? मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाईंनी तर दोनदा विचारून घेतलं."

सगळ्या माना सोजरबाईकडे वळल्या. ती आपल्या दारात सुपात ज्वारी पाखडत उभी होती. हात थांबला नाही.

"सोजर!" उकंडराव ओरडले. "तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग बोलली काहून नाई? आमी मुरूम वाह्यला, चर खणले!"

"म्हणूनच नाई बोलली," ती म्हणाली. "अन् इचारलं कोणं? सात जण आले होते माह्या दारी. कांदे हायत का, हे इचारलं. दवा कशी देतेत, हे एकानं बी इचारलं नाई."

डॉक्टरांना खोकला आला. तो हसण्याचा होता हे सगळ्यांना कळलं. त्या रात्री किन्हीराजाच्या त्या गल्लीत आखाडीला बेसन-भाकर झाली. बेसन तिखट होतं, आणि गडी ते खाली मान घालून जेवले.

अंडी खायची नाहीत म्हणून बायांनी ती खुडूक कोंबड्यांखाली ठेवली. श्रावण सरता सरता दारोदार पिलं चिवचिवू लागली. पोळा झाला. दुसऱ्या दिवशी कर, महिन्याचा उपास मोडायचा दिवस. उकंडरावांनी सकाळीच सुरी हुडकली आणि डाल्याकडे निघाले.

"त्या कोंबडीले हात लावू नका," सोजरबाई चुलीजवळून म्हणाली. "तिले दवा चालू हाय."

"पुन्यांदा? कवापासून?"

"आजपासून. पिलंवाली हाय, जपा लागते."

"मंग थे काळी?"

"तिले बी."

उकंडराव तणतणत बाहेर आले. रामराव आपल्या ओट्यावर रिकामी सुरी घेऊन बसले होते. पलीकडचाही तसाच. त्याच्या पलीकडचाही. घराघरातून बायांचा एकच आवाज बाहेर येत होता, "दवा चालू हाय!"

"रामराव," उकंडराव खालच्या आवाजात म्हणाले, "माह्या ध्यानात एक गोष्ट येऊन राह्यली."

"काय?"

"आता कोंबडी खायाची असन, तं आपल्याले डॉक्टरले नाई, बायकोले इचारा लागते."

रामरावांनी सुरी धोतरात पुसली. मग आत वाकून, लग्नानंतर पहिल्यांदाच, मऊ आवाजात हाक मारली, "अवं कस्तुरा... ऐकते का वं?"

आतून उत्तर आलं, "डब्यात बेसन हाय."