बिननावाच्या वीजपेटीचे वर्तमान

“देव्हाऱ्यास हात लावणे तरी आधी देव हलवावे, मग भिंत उकरावी,” ही थोरल्या सासूबाईंची आज्ञा मस्तकी धरून, आणि कुलस्वामिनीपुढे निरांजन ठेवून, शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन वद्य तृतीयेचे वर्तमान लिहिले ऐसे जे:

तीन खोल्यांचे एक राज्य होते. तेथे सगुणाबाईसाहेब राज्य करीत, आणि पुस्तकांची पाने संगणकावर जुळवून छापखान्यास धाडीत. त्यांच्या आत्येसासूबाई तान्हाआत्या जन्मभर जात्यावर ओव्या गात आल्या, आणि त्या सर्व बाईसाहेबांनी ऐकून ऐकून संगणकात उतरविल्या. मग आत्यांच्या डोळ्यांपुढे पडदा येत चालला, आणि दिवाळीपुढे दृष्टी राहील ऐसा भरवसा नाही, हे वैद्य बोलिले. आत्या म्हणाल्या, “मला वाचता कुठं येतं गं. पण माझं नाव छापल्यावर कसं दिसतं, ते एकदा बघीन म्हणते.” बाईसाहेबांनी शब्द दिला की दिवाळीचा पहिला दिवा लागण्याआधी पुस्तक आपल्या हाती देईन.

आणि ऐन समयी संगणकाची जुनी वीजपेटी, जीस बाजारात एसएमपीएस म्हणतात, ती धूर सोडून गतप्राण जाहली, आणि ओव्या आतल्या डिस्कमध्ये कोंडल्या. दुसरी प्रत काढून ठेवू ठेवू म्हणता राहिलीच होती. मग धाकटे दीर नरहरपंत, जे राज्याचे कारभारी, ते बाजारी दौडले. कंपनीची पेटी येण्यास दिवाळी उलटेल ऐसे कळले. मग झुंबरशेट व्यापारी स्वतः एक लोकल पेटी घेऊन दरबारी आले. तिजवर ना नाव, ना गाव, ना शिक्का.

“टिकेल ना, शेट?” पंतांनी पुसिले.

“गॅरंटी माझ्या तोंडाची.”

“तोंड तर तुमचं गिऱ्हाईकागणिक बदलतं.”

“मग राहू द्या. अंधारात बसा आणि जात्यावर दळा,” शेट बोलिले आणि चहाची वाट पाहत बैसले.

बाईसाहेबांचे चित्त ठिकाणी राहीना. खोटी पेटी भडकली तर डिस्कही घेऊन जाईल, आणि आत्या पुन्हा गातील ऐसा दम त्यांचे छातीत उरला नाही. त्या उठत आणि बैसत, आणि पेटी हाती घेत आणि ठेवीत. नाव नाही म्हणून खोटी म्हणावी, तरी आत्यांच्या ओव्यांस आजवर कोणी नाव दिले होते? आणि खरी म्हणावी, तरी कशावरून?

मग पंत म्हणाले, “वहिनी, कौल लावू.” देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुले लाविली, उजवे पडेल तरी पेटी घ्यावी, डावे पडेल तरी फिरवावी. लाविली न लाविली तोच उजवे पडले. पंत हर्षले, शेट पैशांचा आकडा बोलिले.

बाईसाहेब वर पाहून हळूच म्हणाल्या, “भावोजी, कौल देवीनं दिला की पंख्यानं?”

पंखा बंद केला. पुन्हा फुले लाविली. दोन्ही जागची हलेनात. बहुत वेळ सर्वांनी वाट पाहिली, आणि चहा निवाला, आणि देवी काही बोलेना. तेव्हा बाईसाहेबांस सासूबाईंचा बोल आठवला. त्यांनी हात धुतले, यंत्राचे झाकण काढिले, आणि डिस्क सोडवून पाटावर ठेविली.

“आधी देव हलवते. आता लावा तुमची पेटी, दोन दिवस रिकामी चालू द्या.”

पेटी लाविली. यंत्र घरघरू लागले, पंत काही जळते काय म्हणून वास घेत उभे राहिले.

“आणि दोन दिवस पुस्तकाचं काय?” ते म्हणाले.

बाईसाहेबांची दृष्टी पाटावरच्या डिस्ककडे गेली, आणि त्या म्हणाल्या, “देव हलवला, भावोजी. आता त्याला हेच देऊळ कशाला पाहिजे? छापखान्यात यंत्रं आहेतच की.”

“हे सकाळी का नाही सुचलं?”

“सकाळी आपण पेटीतच अडकलो होतो.”

शेट म्हणाले, “म्हणजे पेटी घेणार की नाही?”

“ती चालते आहे ना? मग तुम्ही चहा घ्या. परवा सांगते.”

एवंच, पेटीचा निवाडा राहिला, कौल तटस्थ राहिला, पंत वास घेत राहिले. आणि सगुणाबाईसाहेब डिस्क सोवळ्याच्या रेशमी फडक्यात गुंडाळून, पदराखाली धरून, चपला घालून छापखान्याच्या वाटेस लागल्या.